इंग्रजी धातुसाधित वाक्यांशांतील कर्मणी रचना आणि मराठीतील ‘-लेला’

१. प्रास्ताविक

इंग्रजी गद्याचे मराठीत भाषांतर करताना ज्या रचना सर्वाधिक अडचणीच्या ठरतात, त्यांत धातुसाधितांनी सुरू होणाऱ्या वा नामामागे लागणाऱ्या वाक्यांशांचा क्रम वरचा आहे. ‘रिटन बाय शेक्सपियर’, ‘बीइंग बिल्ट’, ‘हॅविंग बीन डिफीटेड’ अशा वाक्यांशांना कर्मणीचा अर्थ असतो. तो मराठीत आणण्यासाठी भाषांतरकार बहुधा ‘जाणे’ या सहायक धातूचा आश्रय घेतो. त्यातून ‘शेक्सपियरद्वारा लिहिली गेलेली नाटके’, ‘समितीकडून सादर केला गेलेला अहवाल’, ‘पराभूत केला जाऊन राजा पळाला’ अशी वाक्ये तयार होतात. वर्गात आणि उत्तरपत्रिकांत या रचनांवर ‘इंग्रजी वळणाची’ असा शेरा मारला जातो. शेरा अनेकदा योग्य असतो. परंतु त्याचे कारण मात्र क्वचितच सांगितले जाते. कारण न कळल्यामुळे विद्यार्थी दोन टोकांना जातात. काही जण प्रत्येक इंग्रजी कर्मणीसाठी ‘गेलेला’ योजतात, तर काही जण ‘गेलेला’ हे रूप सर्वत्र अशुद्ध मानून जेथे ते आवश्यक आहे तेथूनही ते काढून टाकतात.

प्रस्तुत निबंधात दोन्ही भाषांतील या रचनांची तुलना करून ‘-लेला’ आणि ‘-ला गेलेला’ यांच्या वापराची सीमा आखण्याचा प्रयत्न केला आहे. हा प्रश्न केवळ भाषाशुद्धीचा नाही. क्रिया कोणी केली हे सांगायचे, सुचवायचे की झाकायचे, याचा निर्णय या छोट्या रूपांत दडलेला असतो. वृत्त, अहवाल आणि न्यायालयीन कागदपत्रे यांच्या भाषांतरात तर त्याला जबाबदारीचे परिमाण प्राप्त होते.

२. इंग्रजीतील व्यवस्था

इंग्रजीत धातुसाधित वाक्यांशांची मुख्य विभागणी दोन रूपांवर उभी आहे. ‘-इंग’ हे रूप कर्त्याकडे पाहते, आणि सकर्मक धातूचे भूतकालवाचक धातुसाधित कर्माकडे पाहते. ‘द मॅन रायटिंग द लेटर’ या वाक्यांशात विशेष्य हे कर्ता आहे. ‘द लेटर रिटन बाय द मॅन’ यात विशेष्य हे कर्म आहे. अकर्मक धातूंपैकी थोड्यांचीच भूतकालवाचक रूपे विशेषणासारखी योजली जातात. ‘फॉलन लीव्ह्ज’, ‘रिटायर्ड ऑफिसर’, ‘एस्केप्ड प्रिझनर’ ही त्यांची परिचित उदाहरणे होत. त्यांत कर्मणीचा अर्थ नाही. घडून गेलेल्या क्रियेचा परिणाम कर्त्यावर दिसतो, एवढेच. सकर्मक धातूच्या बाबतीत मात्र भूतकालवाचक धातुसाधित वाक्यांशात आले की त्याचा अर्थ सामान्यतः कर्मणीच असतो.

कर्मणी अर्थाच्या वाक्यांशांची तीन रूपे आढळतात.

पहिले, नुसते धातुसाधित: ‘रिटन इन हेस्ट, द लेटर वॉज फुल ऑफ एरर्स’. येथे क्रिया पूर्ण झाली आहे आणि तिची परिणती शिल्लक आहे.

दुसरे, ‘बीइंग’सह येणारे. याचे दोन अर्थ वेगळे ओळखले पाहिजेत. नामामागे आले असता ते चालू क्रिया दाखवते: ‘द ब्रिज बीइंग बिल्ट नियर द व्हिलेज’. वाक्याच्या आरंभी आले असता ते बहुधा कारण सांगते: ‘बीइंग रिटन इन मोडी, द डॉक्युमेंट वॉज डिफिकल्ट फॉर हिम’. या दुसऱ्या वाक्यात लेखन चालू नाही. कागद मोडीत लिहिलेला आहे ही स्थिती अडचणीचे कारण आहे.

तिसरे, ‘हॅविंग बीन’सह येणारे. यात क्रियेचे पूर्वकालत्व ठळक होते: ‘हॅविंग बीन वॉर्न्ड ट्वाइस, ही स्टेड अ‍ॅट होम’. हे रूप वाक्याला जोडून येते. पहिल्या दोन रूपांप्रमाणे नामामागे विशेषण म्हणून ते सहसा लागत नाही.

चालू क्रियेची कर्मणी रचना इंग्रजीतही जुनी नाही. पूर्वी ‘द हाऊस इज बिल्डिंग’ असे म्हणून घर बांधले जात आहे असा अर्थ व्यक्त केला जाई. ‘इज बीइंग बिल्ट’ ही रचना अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागली, आणि एकोणिसाव्या शतकात तिच्यावर ‘अवजड’ म्हणून टीकाही झाली. आज मराठीत ‘बांधला जात असलेला’ या रूपावर होणारी टीका वाचताना हा इतिहास आठवणीत ठेवण्याजोगा आहे.

३. मराठीतील ‘-लेला’

मराठीत ‘लिहिलेले पत्र’ या रचनेत कर्मणीचा वेगळा प्रत्यय दिसत नाही, तरीही अर्थ कर्माभिमुख आहे. याचे कारण ‘-ल’ प्रत्ययाच्या इतिहासात आहे. संस्कृतातील क्तप्रत्ययान्त रूपे सकर्मक धातूंच्या बाबतीत सामान्यतः कर्माकडे पाहतात. अकर्मक आणि गमनार्थक धातूंच्या बाबतीत ती कर्त्याकडेही पाहतात, हे पाणिनीनेच नोंदविले आहे. प्राकृतात या रूपांना ‘-इल्ल’ हा प्रत्यय जोडला गेला, आणि त्यातून मराठीचा भूतकाळ सिद्ध झाला. म्हणून ‘तो गेला’ हा कर्तरी प्रयोग आणि ‘त्याने पत्र लिहिले’ हा कर्मणी प्रयोग, अशी वाटणी मराठीच्या भूतकाळातच आहे. ‘-लेला’ हे धातुसाधित त्याच भूतकाळी रूपावर उभे असल्यामुळे ‘गेलेला माणूस’ आणि ‘लिहिलेले पत्र’ यांतही तीच वाटणी दिसते.

यावरून एक निष्कर्ष सहज निघेल: ‘लिहिलेले’ हे रूप मुळातच कर्मणी आहे, म्हणून ‘लिहिले गेलेले’ म्हणजे कर्मणीवर कर्मणी चढविणे होय. हा निष्कर्ष आकर्षक आहे. परंतु तो पूर्ण खरा नाही. पुढील वाक्यांश पाहावेत.

लाल साडी नेसलेली बाई. टोपी घातलेला माणूस. जग पाहिलेला गृहस्थ. शपथ घेतलेले मंत्री.

या सर्व ठिकाणी धातू सकर्मक आहे, कर्मही उपस्थित आहे, आणि विशेष्य मात्र कर्ता आहे. इंग्रजीत या जागी भूतकालवाचक धातुसाधित चालत नाही. तेथे ‘वेअरिंग’, ‘हॅविंग सीन’ अशी कर्त्याकडे पाहणारी रूपे घ्यावी लागतात.

या उदाहरणांचा उलगडा करताना असे म्हणता येईल की ‘नेसणे’, ‘शिकणे’, ‘पिणे’, ‘विसरणे’ असे काही धातू सकर्मक असूनही भूतकाळात कर्तरी राहतात: ‘ती साडी नेसली’, ‘तो धडा शिकला’. त्यामुळे ‘नेसलेली बाई’, ‘शिकलेला माणूस’ ही रूपे नियमाला धरूनच आहेत. पण ‘घालणे’, ‘पाहणे’, ‘घेणे’ यांना हा उलगडा लागू पडत नाही. ‘त्याने टोपी घातली’, ‘त्याने जग पाहिले’ हे सरळ कर्मणी प्रयोग आहेत, तरी ‘टोपी घातलेला’, ‘जग पाहिलेला’ ही रूपे कर्त्याचे विशेषण होतात. उलट ‘तिने नेसलेली साडी’ या वाक्यांशात कर्तरी धातूचे रूप कर्माचे विशेषण होते. म्हणजेच ‘-लेला’चे प्रयोगाशी असलेले नाते भूतकाळी क्रियापदाइतके घट्ट राहिलेले नाही.

मग अर्थ ठरतो कशावरून? वाक्यांशात धातूची कोणती जागा रिकामी आहे यावरून. ‘तिने नेसलेली’ यात कर्ता आला आहे, कर्म रिकामे आहे. म्हणून विशेष्य कर्म. ‘साडी नेसलेली’ यात कर्म आले आहे, कर्ता रिकामा आहे. म्हणून विशेष्य कर्ता. ‘बक्षीस दिलेला विद्यार्थी’ यात कर्म भरलेले आहे, पण विद्यार्थी बहुधा बक्षीस देणारा नसतो. म्हणून तो संप्रदान समजला जातो. ‘-लेला’ हे रूप पूर्णता सांगते, आणि विशेष्याचे कारक शेजारच्या पदांवर व संदर्भावर सोपवते. इंग्रजीत हे काम धातुसाधिताचे रूपच करते. दोन्ही भाषांतील मूलभूत फरक हा आहे, आणि पुढील सर्व विवेचन त्यावर आधारलेले आहे.

४. ‘गेलेला’ अनावश्यक कोठे?

वाक्यांशात कर्ता ‘-ने’ प्रत्ययासह सांगितला असेल, तर रिकामी जागा कर्माचीच उरते. संदिग्धतेला वाव नसल्यामुळे ‘गेलेला’ अनावश्यक होतो. ‘शेक्सपियरने लिहिलेली नाटके’ पुरेसे आहे. संदर्भ स्पष्ट असल्यास ‘शेक्सपियरची नाटके’ हेही पुरते. इंग्रजीतील ‘बाय’साठी ‘द्वारा’ वा ‘कडून’ आणले की पुढचे रूप ‘गेलेला’ घेऊनच येते; म्हणजे दोष एका शब्दाचा नसून जोडीचा आहे. ‘सरकारने नेमलेली समिती’ या तीन शब्दांच्या रचनेऐवजी ‘सरकारद्वारा नेमली गेलेली समिती’ असे लिहिल्याने अर्थात कोणतीही भर पडत नाही.

कर्ता सांगितलेला नसला तरी विशेष्य अचेतन असेल आणि ते त्या क्रियेचा कर्ता होणे अशक्य असेल, तर ‘-लेला’ पुरतो. ‘घाईत लिहिलेले पत्र’, ‘काळ्या दगडात बांधलेली कमान’, ‘गेल्या वर्षी छापलेले पुस्तक’ यांत कोणाचाही गैरसमज होत नाही. ‘नेमण्यात आलेली’, ‘सादर करण्यात आलेला’ ही कार्यालयीन रूपेही याच कसोटीवर तपासता येतात. कर्ता मुद्दाम अनुक्त ठेवून कृतीला औपचारिकता द्यायची असेल तेथे ती शोभतात. इतरत्र ती केवळ लांबी वाढवितात.

५. ‘गेलेला’ आवश्यक कोठे?

पहिले स्थान अपूर्ण क्रियेचे. ‘-णारा’ हा प्रत्यय सकर्मक धातूला लागला असता कर्त्याकडेच पाहतो. ‘ओळखणारा’ म्हणजे जो ओळखतो तो. म्हणून ‘नोन अ‍ॅज’ अशा वाक्यांशासाठी ‘या नावाने ओळखला जाणारा’ याखेरीज सरळ मार्ग नाही. चालू क्रियेसाठी ‘बांधणारा पूल’ म्हणता येत नाही. ‘बांधला जात असलेला पूल’ म्हणावे लागते, किंवा ‘काम चालू असलेला पूल’ असा वेगळा मार्ग घ्यावा लागतो. दुसरा मार्ग बहुधा अधिक सहज असतो. परंतु पहिला अशुद्ध नाही. ‘-लेला’ने जी तटस्थता राखली आहे ती ‘-णारा’ला नाही, हे त्याचे कारण होय.

दुसरे स्थान संदिग्धतेचे. ‘मदत केलेले लोक’ या वाक्यांशाचे दोन अर्थ संभवतात: ज्यांनी मदत केली ते, आणि ज्यांना मदत केली ते. विशेष्य सचेतन असल्यामुळे दोन्ही जागा त्याला शोभतात. अशा वेळी ‘मदत केले गेलेले’ ही दुरुस्तीही कानाला खटकते. मराठीचा स्वाभाविक तोडगा ‘मिळणे’ हा आहे: ‘मदत मिळालेले लोक’. ‘बक्षीस दिला गेलेला विद्यार्थी’ ऐवजी ‘बक्षीस मिळालेला विद्यार्थी’ हेही तसेच. इंग्रजीत संप्रदानाला कर्मणीचा उद्देश्य होता येते. मराठीत तेच काम धातू बदलून होते.

तिसरे स्थान अर्थभेदाचे. ‘मारलेला माणूस’ यात मारहाणीचाही अर्थ असू शकतो. ‘मारला गेलेला माणूस’ म्हणजे प्राणास मुकलेला. ‘पकडलेला चोर’ म्हटल्यावर पकडणाऱ्याची कृती जाणवते. ‘पकडला गेलेला चोर’ म्हटल्यावर चोरावर ओढवलेला प्रसंग जाणवतो. ‘जाणे’ हा धातू येथे नुसता कर्मणीचा साहाय्यक राहत नाही. इच्छेविरुद्ध घडून आल्याची छटा तो सोबत आणतो. ही छटा हवी असेल तेथे ‘गेलेला’ काढून टाकणे म्हणजे अर्थ कमी करणे होय.

६. अकर्मक जोडधातू आणि जबाबदारीचा प्रश्न

मराठीत अनेक धातूंच्या जोड्या आहेत: फुटणे–फोडणे, तुटणे–तोडणे, पडणे–पाडणे, सुटणे–सोडणे, फसणे–फसवणे. इंग्रजीतील ‘ब्रोकन’ या एका धातुसाधितासमोर मराठी भाषांतरकाराला तीन पर्याय उपलब्ध असतात.

फुटलेल्या काचा. फोडलेल्या काचा. फोडल्या गेलेल्या काचा.

पहिल्यात कर्त्याचा विचारच नाही. काचा आपोआप, वाऱ्याने वा आघाताने फुटल्या असतील. दुसऱ्यात कोणीतरी फोडल्या आहेत हे गृहीत आहे. तिसऱ्यात फोडणारा आहे हे गृहीत धरून त्याला जाणीवपूर्वक पडद्याआड ठेवले आहे. यांखेरीज चौथी रचनाही आहे: ‘त्याच्या हातून फुटलेला कप’. यात व्यक्ती सांगितली आहे, परंतु हेतू नाकारला आहे. इंग्रजीत हा भेद दाखविण्यासाठी क्रियाविशेषणाची जोड द्यावी लागते. मराठी तो धातू आणि शब्दयोगी अव्यय यांच्या निवडीतूनच साधते.

दंगलीच्या वृत्तात ‘ब्रोकन विंडोज’ आले असता ‘फुटलेल्या’ की ‘फोडलेल्या’ हे ठरविणे म्हणजे घटनेविषयी विधान करणे आहे. ‘पडलेली घरे’ आणि ‘पाडलेली घरे’ यांतील अंतर तर ज्याचे घर गेले त्याच्या दाव्याचे मर्म असू शकते. ‘फसलेला गुंतवणूकदार’ म्हटले तर दोषाचा काही भाग त्याच्याकडे जातो. ‘फसवलेला’ म्हटले तर तो फसवणाऱ्याकडे जातो. ‘फसवला गेलेला’ म्हटले तर फसवणूक निश्चित होते, फसवणारा मात्र अनुक्त राहतो. मूळ इंग्रजीत हा भेद नसेल, तर भाषांतरकाराने तो संदर्भातून शोधला पाहिजे. संदर्भातही तो नसेल, तर कमीत कमी विधान करणारे रूप निवडले पाहिजे. सवयीने हाती येईल ते रूप लिहिणे येथे परवडणारे नाही.

७. वाक्याला जोडलेले वाक्यांश

नामाच्या विशेषणाकडून वाक्याशी जोडलेल्या वाक्यांशाकडे वळले असता प्रश्न बदलतो. इंग्रजी व्याकरण अशा वाक्यांशाचा अनुक्त कर्ता आणि मुख्य वाक्याचा उद्देश्य एकच असावा, अशी अपेक्षा करते. ती मोडली तर वाक्यांश लोंबकळत राहिला असे मानले जाते. ही अट पाळण्यासाठीच तेथे कर्मणीचा वारंवार उपयोग होतो. ‘हॅविंग बीन समन्ड बाय द किंग, ही वेंट टु द कोर्ट’ या वाक्यात ‘ही’ हा बोलावलेला आहे. दोन्ही ठिकाणी तोच उद्देश्य राहावा म्हणून पहिली क्रिया कर्मणी झाली आहे.

मराठीला ही गरज नाही. ‘-ल्यावर’, ‘-ल्यामुळे’, ‘-ताना’ या रूपांना स्वतःचा कर्ता घेता येतो: ‘राजाने बोलावल्यावर तो दरबारात गेला’. कर्ता ‘राजाने’, कर्म अध्याहृत, आणि मुख्य वाक्याचा कर्ता वेगळा; तरी वाक्य निर्दोष आहे. ज्या कारणासाठी इंग्रजीने कर्मणी घेतली ते कारणच मराठीत नसल्यामुळे ‘राजाकडून बोलावला जाऊन’ ही रचना निष्प्रयोजन ठरते. ‘बीइंग रिटन इन मोडी’ यासाठी ‘मोडीत लिहिलेला असल्यामुळे’ हे रूप स्थिती आणि कारण दोन्ही सांगते; ‘लिहिला जात असल्यामुळे’ असे केल्यास अर्थच बदलतो.

‘-ऊन’ या पूर्वकालवाचक रूपाचे वर्तन अधिक सूक्ष्म आहे. सामान्यतः त्याचा कर्ता आणि मुख्य क्रियेचा कर्ता एक असतो: ‘पत्र लिहून तो निघाला’. परंतु येथे कर्ता व्याकरणातील उद्देश्य असलाच पाहिजे असे नाही. ‘पत्र लिहून टपालात टाकले’ या वाक्यात लिहिणारा आणि टाकणारा एकच आहे, हे कोणी न सांगता कळते. म्हणून ‘पत्र लिहिले जाऊन टपालात टाकले गेले’ असे म्हणण्याची गरज पडत नाही. अकर्मक, अनैच्छिक क्रियांच्या बाबतीत तर ‘-ऊन’ वेगळा कर्ताही सहन करते: ‘पाऊस पडून रस्ते खराब झाले’. त्यामुळे इंग्रजी कर्मणी वाक्यांशाची जागा मराठीत पुष्कळदा अकर्मक जोडधातूचे ‘-ऊन’ घेते. ‘कॉट इन द स्टॉर्म, द बोट सँक’ याचे ‘वादळात सापडून नाव बुडाली’ हे भाषांतर मूळाइतकेच आटोपशीर आहे, आणि त्यात कर्मणीचा मागमूस नाही. ‘लिहून झाल्यावर’, ‘बांधून झालेले’ अशा रूपांना तर व्याकरणात समापन कर्मणी म्हणून स्वतंत्र स्थान आहे. ‘त्याचे पत्र लिहून झाले’ या वाक्यात कर्ता षष्ठीत जातो, आणि कर्म उद्देश्य बनते.

८. ‘नवीन कर्मणी’विषयी

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले, आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. या परंपरेत प्रयोगविचाराला मोठे महत्त्व मिळाले. ‘पत्र लिहिले जाते’ या रचनेला काही व्याकरणांत ‘नवीन कर्मणी’, तर काहींत ‘कर्मकर्तरी’ असे नाव आहे, आणि तिचे मूळ इंग्रजी वळणात असल्याचे सांगितले जाते. जुन्या मराठीत ‘-इजे’ प्रत्ययाची ‘कीजे’, ‘बोलिजे’ अशी कर्मणी रूपे होती. ज्ञानेश्वरीच्या वाचकाला ती परिचित आहेत. ती रूपे बोलीतून लोपल्यावर अपूर्ण क्रियेची कर्मणी सांगण्याची जागा रिकामी झाली. ‘जाणे’ची रचना त्या जागी स्थिरावली, असे मानण्यास वाव आहे. शेजारच्या हिंदीतही ‘जाना’ धातूने कर्मणी साधली जाते. तेव्हा ही घडण केवळ इंग्रजीची देणगी समजणे योग्य नाही. इंग्रजीच्या प्रभावाने घडले ते इतकेच की, भाषेत असलेल्या एका साधनाचा वापर त्याच्या सीमेबाहेर पसरला. दोष साधनाचा नसून सीमेच्या विस्मरणाचा आहे.

९. समारोप

वरील विवेचनातून अध्यापनासाठी चार प्रश्नांची एक क्रमवार कसोटी मांडता येते. मूळ वाक्यांशातील क्रिया पूर्ण आहे की चालू? पूर्ण असेल तर ‘-लेला’ प्रथम आठवावा. चालू असेल तर ‘जाणे’ची रचना वा पर्यायी शब्दयोजना लागेल. कर्ता सांगितला आहे काय? असल्यास ‘-ने’ पुरेसे आहे. विशेष्य सचेतन असून त्यामुळे दोन अर्थ संभवतात काय? संभवत असल्यास ‘मिळणे’सारखा दुसरा धातू किंवा ‘गेलेला’ योजावा. आणि शेवटी, मराठीत त्या धातूचा अकर्मक जोडीदार आहे काय? असल्यास त्याच्या निवडीने कर्त्याविषयी काय सांगितले जाईल, याचा विचार करावा.

इंग्रजीत धातुसाधिताचे रूप स्वतःच कारक ठरवते. मराठीत ‘-लेला’ ते ठरवीत नाही, शेजारची पदे ठरवितात. म्हणून इंग्रजी वाचताना रूपाकडे पाहण्याची आणि मराठी लिहिताना संपूर्ण वाक्यांशाकडे पाहण्याची सवय विद्यार्थ्याला लागली पाहिजे. ‘गेलेला’वर तांबडी रेघ ओढण्यापूर्वी ते रूप तेथे कोणते काम करते आहे हा प्रश्न अध्यापकाने विचारला, तर ती रेघ कधी कायम राहील, कधी मागे घ्यावी लागेल, पण दोन्ही वेळी तिला व्याकरणाचा आधार असेल.